‘९० एफपीएस कम्पल्सरी’: ईस्पोर्ट्समध्ये कौशल्य किती आणि फोन किती?

“स्क्वॉडसाठी एक प्लेअर पाहिजे. के.डी. ४ च्या वर. जायरोवाला. ९० एफपीएस कम्पल्सरी. आयफोन असेल तर पहिला चान्स.”

कामठीतल्या आमच्या गेमिंग ग्रुपवर लोकल टूर्नामेंट जवळ आली की असे मेसेज सुरू होतात. गेम अर्थात बीजीएमआय. चार अटी आहेत, जरा नीट बघा. के.डी. म्हणजे ढोबळमानाने एका मॅचमागे तुम्ही किती जणांना बाद करता तो आकडा, म्हणजे खेळाडूचं काम. जायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरणं, ही सवयीने येणारी कला. उरलेल्या दोन अटी मात्र दुकानातून विकत आणायच्या आहेत. आणि मेसेजच्या खाली पहिला प्रश्न येतो तो “भाऊ, फोन कोणता आहे?” हाच. कसा खेळतो हे नंतर.

या प्रश्नावर आत्ता लिहायचं कारण म्हणजे कायदा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. बातम्या सगळ्या पैशांच्या गेमवरच्या बंदीच्या आल्या, ड्रीम११ ने पैसे लावायच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून नाव गेलं वगैरे. त्याच कायद्यात ईस्पोर्ट्सची व्याख्याही आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. तिचा सारांश असा: स्पर्धा ठरलेल्या नियमांनी चालली पाहिजे, त्यात सट्टा नको, मान्यता आणि नोंदणी हवी, आणि निकाल फक्त खेळाडूंची चपळता, बुद्धी, डावपेच यांसारख्या कौशल्यांवर ठरला पाहिजे.

“फक्त” हा शब्द मला प्रोग्रामर म्हणून खटकतो. कोडमध्ये “फक्त” लिहिलं की बाकी सगळ्या वाटा बंद कराव्या लागतात. इथे त्या बंद आहेत का? गेमच्या आतल्या वस्तूंबाबत बऱ्यापैकी आहेत. हातातल्या वस्तूंबाबत फारशा नाहीत. आणि कामठीसारख्या गावातला पोरगा अडतो तो या दुसऱ्या ठिकाणी.

आधी आतल्या वस्तूंचं. ऑनलाइन गेममध्ये गिअर म्हणजे तुमच्या पात्राची तलवार, चिलखत, बंदूक, कार्ड, जे काय असेल ते. २००९ च्या आसपास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गिअरस्कोअर नावाचं एक ॲडऑन पसरलं. तुमच्या अंगावरच्या सगळ्या वस्तूंची बेरीज करून ते एक आकडा द्यायचं. अनोळखी लोकांचा गट जमवताना म्होरक्या सरळ सांगायचा की इतक्या स्कोअरच्या खालचे नकोत. खेळणारा किती हुशार आहे हे दहा सेकंदांत कळत नाही, आकडा कळतो. गंमत अशी की चांगलं गिअर मिळायचं ते मोठ्या मोहिमांमधूनच, आणि मोहिमेत घ्यायचे तर गिअर आधीच पाहिजे!

इंजिनिअरिंग केलेल्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. कॅम्पस प्लेसमेंटची “दहावी-बारावी-डिग्री ६० टक्के, बॅकलॉग नको” ही अट आणि गिअरस्कोअर एकाच जातीचे. कंपनीला माहीत असतं की ५८ टक्केवाल्यात एखादा भारी कोडर बसलाय. पण हजार पोरांची मुलाखत घ्यायला वेळ नसतो, म्हणून चाळणी लावतात. अशी चाळणी सोयीसाठीच असते, आणि तिला “लायकी” म्हणायला लागलं की घोळ होतो. आमच्या ग्रुपवर हे झालंय. ९० एफपीएस नसलेला पोरगा आता स्वतःच “मी कॅज्युअल आहे बे” म्हणून मोकळा होतो.

आतल्या गिअरवर तोडगा काढायला गेम बनवणारे मात्र शिकले. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ मध्येच स्पर्धात्मक सामन्यात सगळ्यांना सारखी लेव्हल आणि सारखं गिअर दिलं. ‘क्लॅश रोयाल’मध्ये टूर्नामेंटला कार्डांची लेव्हल एका मर्यादेवर बांधतात. ‘फ्री फायर’चं उदाहरण आपल्याकडे जास्त लागू पडतं. त्यात अनेक बंदुकांच्या स्किनला गुण असतात: कुणाचा डॅमेज वाढतो, कुणाचा गोळ्या सुटायचा वेग, आणि बदल्यात दुसरं काही थोडं कमी होतं. डायमंड विकत घेऊन नशीब आजमावणाऱ्याला ही स्किन लवकर मिळते. पण कस्टम रूममध्ये हे गुण बंद करायचा पर्याय दिलेला आहे. बीजीएमआयमध्ये तर प्रश्नच येत नाही, स्किन कितीही महागाची असली तरी गोळी तेवढीच लागते. विमानातून सगळे रिकाम्या हातानेच उतरतात.

म्हणून “बीजीएमआय पैसेवाल्यांचा गेम नाही” असं पोरं ठासून सांगतात. गेमपुरतं ते बरोबरच आहे.

आता बाहेरचं गिअर. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पीसीवरच्या ‘काउंटर-स्ट्राइक २’चं आहे. या गेममध्ये पळता-पळता गोळी मारली तर ती भलतीकडे जाते. नेमकी मारायची तर क्षणभर थांबावं लागतं. डावीकडे जायला ‘ए’ दाबलेलं असतं, पटकन थांबायला ‘ए’ सोडून उजवीकडचं ‘डी’ टिचकीभर दाबायचं. सोडणं आणि दाबणं यांत जराही मागेपुढे झालं की नेम गेला. यासाठी लोक वर्षानुवर्षं बोटं घासतात. मग २०२४ मध्ये रेझर कंपनीने आपल्या कीबोर्डमध्ये ‘स्नॅप टॅप’ नावाची सोय आणली. दोन्ही बटणं एकदम दाबलेली असली तरी कीबोर्ड फक्त शेवटचं दाबलेलं धरतो, आधीचं स्वतःच सोडून देतो. म्हणजे बोटांचं काम कीबोर्डने केलं, आणि दर वेळी अचूक केलं. गेमची मालक कंपनी व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर यावर बंदी घातली. अशी सोय वापरताना सापडलात तर मॅचमधून बाहेर.

मला हा निर्णय पटतो तो त्यामागच्या निकषामुळे. चांगला माऊस, चांगला मॉनिटर यांवर बंदी नाही. खेळाडूचं काम वस्तूच करायला लागली तिथे रेघ ओढली. मोबाइलमध्येही अशी एक रेघ पूर्वी ओढली गेली होती. पबजी मोबाइल कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून माऊस-कीबोर्डने खेळता यायचा, आणि एम्युलेटरवाल्यांना एम्युलेटरवाल्यांशीच भिडवलं जायचं. अंगठ्याची लढत माऊसशी लावायची नाही हे कंपनीला तेव्हा कळत होतं.

मग ४० एफपीएसच्या फोनची लढत १२० च्या फोनशी का लावायची? याचं उत्तर देण्याआधी तो फरक खरंच केवढा आहे ते मोजू. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं. ३० एफपीएसला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, ९० ला ११.१ आणि १२० ला ८.३. म्हणजे ३० वरून ६० वर गेलात की चित्रामागे साधारण १७ मिलिसेकंद वाचतात. ९० वरून १२० वर गेलात की वाचतात जेमतेम ३. समोर अचानक माणूस दिसल्यावर बोट हलायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात, त्यापुढे ३ म्हणजे किरकोळ. खालच्या टोकाला फोनचा फरक मोठा आहे, वरच्या टोकाला तो जाहिरातीचा विषय आहे. “९० कम्पल्सरी”वाल्यांनी हे गणित एकदा करून बघावं. पक्क्या ६० वर खेळणारा चांगला खेळाडू सोडून डळमळत्या ९० वाला घेण्यात स्क्वॉडचाच तोटा आहे.

डळमळत्या म्हणजे काय, ते आमच्याकडे मे महिन्यात कळतं. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश तापमानाच्या जागेत वापरा म्हणून सांगते. नागपूर-कामठीत मे महिन्यात पारा ४५ वर जातो. दुपारी कूलर लावलेल्या खोलीतही ३५ च्या आत राहणं अवघड, आणि हवा दमट ती वेगळीच. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, स्क्रीनचा उजेड उतरतो. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यात चार्जर लावून खेळलात तर आणखी गरम. पहिल्या मॅचला ९० दाखवणारा फोन तिसऱ्या मॅचला ५५-६० मध्ये झोके घेतो, आणि हे झोके स्थिर ६० पेक्षा वाईट, कारण हाताला लागलेला अंदाज दर काही सेकंदांनी चुकतो. ऑनलाइन पात्रता फेरी उन्हाळ्यात ठेवली की पुण्याच्या एसी खोलीतला आणि कामठीच्या पत्र्याखालच्या खोलीतला एकसारखा फोन एकसारखा राहत नाही. हे कुठल्या नियमावलीत येणार?

पिंगचंही तसंच. सर्व्हर मुंबईत आहे असं धरलं तर नागपूर ते मुंबई रस्त्याने ८०० किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद. अंतर आपला शत्रू नाही. उरलेला उशीर टॉवरवरची गर्दी, मधले राउटर, घरातला वायफाय यांचा. आणि त्रास सरासरी पिंगपेक्षा तिच्या उड्यांचा जास्त. कायम ५० पिंगवर माणूस जुळवून घेतो. ३० वरून अचानक १८० झालं की झाडामागे गेल्यावरही मेल्याचं दिसतं.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की खरा प्लेअर कुठल्याही फोनवर जिंकतो. माझ्या ओळखीतही साध्या फोनवर भारी खेळणारी दोन-तीन पोरं आहेत. पण कामठी फुटबॉलचं गाव आहे, रब्बानी क्लबचं गाव आहे, इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी २-१ असे हरले, त्याचं आजही कौतुक होतं. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ हार झाली, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. त्या खेळाडूंचं कौशल्य चार वर्षांत कुठे पळालं नव्हतं. हवामान आणि पायातली वस्तू यांनीही निकालात आपला वाटा घेतला.

बाकीचे खेळ हा वाटा नियमाने आवरतात. धावण्याच्या बुटांत कार्बनच्या पट्ट्या आणि जाड तळवे आल्यावर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर बांधली. महाग बूट चालतील, पण मर्यादेत. मोबाइल ईस्पोर्ट्समध्ये मोठ्या लॅन स्पर्धेत अनेकदा सगळ्यांना प्रायोजकाचे सारखे फोन मिळतात, तिथे प्रश्न बराचसा सुटतो. पण तिथपर्यंत पोचायचं ते ऑनलाइन फेऱ्यांतून, आणि तिथे ज्याचा त्याचा फोन, ज्याची त्याची खोली. म्हणजे चाळणी आधीच लागून गेलेली असते. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्सला पदकं होती, २०२६ ला आयची-नागोयातही आहेत. पदकाच्या रस्त्याचा पहिला टप्पा घरच्या पत्र्याच्या तापमानावर ठरत असेल, तर कायद्यातल्या “फक्त”चं काय करायचं हे नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने विचारायला हवं. ऑनलाइन फेरीत सगळ्यांना ६० वर बांधणं, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभागृहात सारख्या फोनवर पात्रता घेणं, यात तांत्रिकदृष्ट्या अवघड काही नाही. खर्च आहे, तो मान्य.

लोकल आयोजकांना तर खर्चही नाही. फ्री फायरची रूम बनवताना बंदुकीचे गुण बंद करा. उन्हाळ्यात मॅच रात्री नऊनंतर ठेवा. आणि स्क्वॉडसाठी प्लेअर घेताना फोन विचारण्याआधी तीन रूम मॅचची ट्रायल घ्या, आजकाल कंपन्याही टक्क्यांऐवजी आधी कोडिंग टेस्ट घेतात.

राहिला प्रश्न घरच्यांकडे हप्त्यावर फोन मागणाऱ्यांचा. मला आठवड्याला एक तरी मेसेज येतो, “दादा, ९० वाला घेऊ का १२० वाला?” दुकानातला आकडा विसरा. मित्राकडे तो फोन असेल तर त्याच्यावर दुपारी, चार्जर न लावता, सलग तीन मॅच खेळा. एफपीएस दाखवणारा मीटर बऱ्याच फोनच्या गेम मोडमध्येच असतो, तो चालू ठेवा. तिसऱ्या मॅचच्या शेवटच्या झोनमध्ये, धूर आणि ग्रेनेड चालू असताना, जो आकडा टिकलेला दिसेल तोच त्या फोनचा एफपीएस. तो पक्का ६० निघाला आणि तुमचा आत्ताचा फोनही तेवढंच देत असेल, तर हप्ता भरू नका.