‘काही नाही’ नावाचे निदान

डोक्यावर सततचा दाब घेऊन जगणाऱ्या माणसाला आपल्याकडे शेवटी जे वाक्य ऐकावे लागते, ते बऱ्याच वाचकांना पाठ असेल. “रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुम्हांला काही नाही.” आमच्या इंदुरात ते हिंदीत ऐकू येते, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत दखनीत, अर्थ एकच. या वाक्याला आमचा आक्षेप आहे आणि तो मुळात भाषेचा आक्षेप आहे, म्हणूनच साहित्यसभेच्या या पत्रिकेत तो मांडण्याची मुभा आम्ही घेत आहोत. वैद्यकाचा विषय येथे कशाला, असे विचारणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

“तुम्हांला काही नाही” असे म्हणणाऱ्याला वस्तुतः सांगायचे असते ते “मला काही सापडले नाही” एवढेच. दुसऱ्या वाक्यात बोलणारा आपल्या शोधाविषयी बोलतो. पहिल्यात तो समोरच्याच्या देहाविषयी निकाल देऊन मोकळा होतो. शाळेतल्या पोरालाही कळावा असा हा भेद शिकलेल्या माणसांकडून रोज पुसला जातो, आणि त्याची किंमत रोग्याला चुकवावी लागते.

आम्ही हे ऐकीव बोलत नाही. गेली अकरा वर्षे टाळूवर पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा एक दाब आम्ही वागवीत आहोत. त्याला ठणका नाही, कळ नाही. सकाळी डोळा उघडताच तो हजर असतो आणि रात्री झोप लागेपर्यंत सोबत करतो. त्यापायी चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, एक दाढ गेली, नाकाचे हाड तपासून झाले, मानेचे एक्स-रे निघाले. (त्यांत मणक्यांची झीज दिसली. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेत ती दिसते, हे नंतर एका सज्जन अस्थितज्ज्ञांनीच सांगितले.) मेंदूचे एम. आर. आय. दोन झाले. फाइल आता लग्नाच्या अल्बमाएवढी झाली आहे. तिच्यात रोगाचे नाव नाही. आणि नाव अद्याप देता येत नाही असेही पहिली नऊ वर्षे कोणी लिहिले नव्हते.

यंत्राला दोष देण्याचा हेतू नाही. क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, हातापायांतली गेलेली शक्ती, अंधुक होणारी दृष्टी, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले दुखणे, अशा वेळी तपासणीला एक दिवसही उशीर करू नये. परंतु डोकेदुखीचे एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८८ साली निघाली आणि तिसरी २०१८ साली. अर्धशिशी, ‘टेन्शन-टाइप’ डोकेदुखी, रोग्याला नेमक्या आठवणाऱ्या एखाद्या दिवशी सुरू होऊन चोवीस तासांच्या आत अखंड होणारी ‘नवी नित्य डोकेदुखी’, असे जे प्राथमिक प्रकार त्यात दिले आहेत, त्यांचे निदान चित्रावरून होतच नाही. ते रोग्याच्या सांगण्यावरून होते. एका बाजूला की दोन्ही? ठणका की दाब? जिना चढल्याने वाढते का? उजेड सोसतो का? महिन्यातून किती दिवस? हे दिवस पंधरा वा अधिक आणि असे तीन महिन्यांच्या वर चालले, तर पहिल्या दोन प्रकारांचे दुखणे जुनाट समजण्याच्या विचारास लागावे, असे तेथे मोजून लिहिले आहे. या सर्वांत चित्र निर्दोष येणे अपेक्षितच असते. म्हणजे ज्या कागदाच्या बळावर आम्हांला निरोगी ठरवतात, तो कागद या दुखण्यांविषयी मौन पाळून असतो. मौन म्हणजे संमती हा न्याय लग्नघरात ठीक. रोगनिदानात तो चालू नये.

आता ‘टेन्शन’ या शब्दाकडे वळू. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारख्या या डोकेदुखीला पूर्वी नाना नावे होती. कोणी तिला स्नायूंच्या आकुंचनाची म्हणत, कोणी मानसजन्य, कोणी नुसतीच ‘साधी’. तिचे कारण आजही पुरते उलगडलेले नाही, आणि ‘टेन्शन-टाइप’ या नावातला ‘टाइप’ निदान तेवढी सावधगिरी बाळगतो. आपल्या रस्त्यावर मात्र ‘टाइप’ गळून पडतो आणि ‘टेन्शन’ म्हणजे चिंता, घरची काळजी, फार तर मनाचा दुबळेपणा एवढाच अर्थ उरतो. रोगी घरी येऊन सांगतो, “डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.” घरचेही तेच घोकू लागतात. मग रात्री घ्यायला दिलेल्या अमिट्रिप्टिलीनच्या पाकिटावरचे नाव मुलगा मोबाइलवर शोधतो, ते नैराश्यावरचे औषध निघते, आणि पाकीट कपाटात जाते. लहान मात्रेत हे औषध जुनाट डोकेदुखीवर, नैराश्य असो वा नसो, कित्येक दशके दिले जात आहे. एवढे एक वाक्य देताना सांगितले असते, तर ते कपाटात गेले नसते.

आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. दुखण्याचे वर्णन ही रोग्याची बडबड आहे, असे मानण्याची रूढी पडली आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत ७८ वर्णनशब्द २० गटांत मांडलेले होते. ठोके पडणारी वेदना वेगळी, चिरणारी वेगळी, दाबणारी वेगळी, हे त्यांनी शास्त्र म्हणून मानले. आपल्याकडे या बाबतीत काय कमी होते? सुश्रुताने शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले. त्यांतला सूर्यावर्त सूर्याबरोबर चढतो-उतरतो आणि अर्धावभेदक अर्धे डोके धरतो. मराठी घरांत तर डोके जड होते, भणभणते, ठणकते, शिणते; कपाळ उठते; तिडीक जाते; कोणी घण घालीत आहे असे वाटते. यांतला एकही शब्द दुसऱ्याचा पर्याय नाही. ठणका अर्धशिशीकडे बोट दाखवतो, तिडीक एखाद्या मज्जातंतूकडे, दाब आणखी तिसरीकडे. दवाखान्याच्या खिडकीशी मात्र या सर्वांचे ‘सिरदर्द’ होते, केसपेपरवर ‘हेडेक’, आणि पुढे दोन जुळ्या आडव्या रेघा. हिंदी दरिद्री आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्याजवळ टीस आहे, भारीपन आहे. दरिद्री आहे तो विचारलेला प्रश्न.

वेळ नाही, हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. ६७ देशांतील पाहण्यांचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक वैद्याच्या एका भेटीचा काळ बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आणि भारतात सुमारे दोन मिनिटे असा आढळला. सरकारी दवाखान्यात दाराबाहेर दीडशे माणसे बसलेली असताना तेथील डॉक्टरांकडून अधिक मागणे अन्याय होईल. परंतु शेकड्यांनी शुल्क घेणाऱ्या खाजगी दालनात ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. आणि काही प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत. “आडवे पडल्यावर काय होते?” एवढेच विचारा. उभे राहिल्यावर वाढून निजल्यावर उतरणारे दुखणे असेल, तर कण्याच्या आवरणातून द्रव झिरपून मेंदूभोवतीचा दाब घटला आहे का, हे पाहावे लागते, आणि त्या रोगातही काहींचे मेंदूचे चित्र निर्दोष येते. उलट निजल्यावर किंवा खोकल्यावर दुखणे वाढत असेल, तर दाब वाढला आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज आहे का, ते पाहण्याचे हातात मावणारे उपकरण हेल्महोल्ट्झने १८५१ साली पुढे आणले. हा वाढत्या दाबाचा विकार मुख्यतः वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांना होतो, आणि दुर्लक्षिला तर दृष्टी घेऊन जातो. अशा मुलीला “लग्न झाले की थांबेल” म्हणून परत पाठवणारी माणसे आमच्या ओळखीत आहेत, आणि ती सगळीच अडाणी नाहीत.

‘काही नाही’ ऐकलेला रोगी घरी जाऊन स्वस्थ बसत नाही. तो औषधाच्या दुकानी जातो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा दिवस किंवा मिश्र गोळी दहा दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक चालली, तर ते औषधच डोकेदुखी टिकवू शकते, हेही त्याच वर्गीकरणात आहे. दुकानदार त्याला ते सांगत नाही. त्याने का सांगावे? सांगायला हवे होते ते ज्यांनी सांगितले नाही, त्यांनी दार लावून घेतलेले असते.

यावर एक प्रतिवाद येतो, आणि तो योग्य आहे: मनाच्या व्याधी नसतात काय? असतात, आणि त्यांनी डोके दुखतेही. तेव्हा नैराश्याचे निदान करायचे तर त्याच्या स्वतःच्या लक्षणांवरून करा. झोप विचारा, भूक विचारा, जगण्यात रस उरला आहे का ते विचारा. नाक, कान, दात, मान, मेंदू यांतून काही निघाले नाही म्हणून जे उरले ते मनाचे, ही वजाबाकी मनोविकारतज्ज्ञालाही मान्य होणार नाही. मन म्हणजे अडगळीची खोली नव्हे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत वेदना होते असे सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाचा आदर करावा, असे स्पष्ट नोंदवले. वेदनेचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचे हे म्हणणे आहे.

नवव्या वर्षी एका तरुण डॉक्टरांनी आमच्या फाइलीत चार ओळी लिहिल्या. डोक्यावर सतत दाब, गंभीर कारण आढळले नाही, निदान अनिश्चित, नोंदवही ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे. दाब त्यामुळे उतरला नाही. पण तेव्हापासून घरात आमच्याशी कोणी समजुतीच्या सुरात बोलत नाही, आणि नव्या डॉक्टरांपुढे गोष्ट पहिल्या पानापासून सांगावी लागत नाही. असे चार शब्द लिहिल्याने कोणाची पदवी उणी होते, असे आम्हांला दिसले नाही.

आपल्या सभेच्या यादीत डॉक्टर सभासद आहेत, भाषेचे प्राध्यापक आहेत, आणि डोके धरून बसलेले तर विचारू नका. आम्ही कार्यकारिणीला लेखी सूचना दिली आहे की, दुखण्याचे मराठी शब्द, त्यांचे हिंदी प्रतिशब्द आणि खाली पाच-सहा प्रश्न, असा दोन पानांचा कागद या मंडळींनी एकत्र बसून तयार करावा आणि शहरातल्या दवाखान्यांत ठेवावा. वार्षिक सभेत हा विषय येईल. छपाईला निधी नाही असे उत्तर मिळण्याचा संभव आहे, म्हणून येथेच नमूद करतो: पहिल्या एक हजार प्रतींचा खर्च आम्ही देऊ.