यकृतात दडलेल्या मलेरियावर औषध कधी?

पावसाळ्यात आचोळ्यात पाणी फक्त रस्त्यावर साचत नाही. बांधकामांवर आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांतही साचते. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. थंडी वाजून ताप येतो, तपासणीत ‘व्हायव्हॅक्स’ निघतो, क्लोरोक्विनने तीन दिवसांत बरे वाटते. काही महिन्यांनी, नव्याने डास न चावताही, तोच ताप परत येऊ शकतो.

कारण व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्तावस्थेत दडून राहतात. क्लोरोक्विनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मुख्यतः दोनच औषधे आहेत : १९५० च्या दशकापासून वापरात असलेले प्रायमाक्विन आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन. दोन्ही एकाच रासायनिक कुळातली. गरोदर स्त्रियांना ती देता येत नाहीत आणि ‘जी-सिक्स-पीडी’ची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्यांनी फुटू शकतात. शिवाय ताप उतरल्यावर प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण घेण्याचा धीर किती जणांना असतो?

इतक्या वर्षांत तिसरा पर्याय का नाही? मलेरियाचा दुसरा परजीवी, फाल्सिपॅरम, १९७६ पासून प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो; हजारो रसायने त्यावर तपासता येतात. व्हायव्हॅक्सला मात्र अगदी कोवळ्या तांबड्या पेशी लागतात आणि तो प्रयोगशाळेत फार काळ तग धरत नाही. यकृतातील अवस्थेवर औषध तपासायचे तर रुग्णाचे ताजे रक्त डासांना पाजायचे, सुमारे दोन आठवड्यांनी त्यांच्या लाळग्रंथींतून परजीवी काढायचे आणि ते यकृतपेशींत सोडायचे. हे काम रुग्णांपासून दूर बसून होणे कठीण.

गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने रुग्णांच्या रक्तातील ताज्या परजीवींचा अभ्यास झाला आहे. मुंबई ते पालघर पट्ट्यातही रुग्ण आहेत, रुग्णालये आहेत, संशोधन संस्था आणि औषध कंपन्याही आहेत. रुग्णांच्या संमतीने त्यांची सांगड घालणारी प्रयोगशाळा इथे उभी राहायला हवी.

डासनिर्मूलन स्वस्त असताना हा खर्च कशाला, असे कोणी विचारेल. डासनिर्मूलन हवेच, पण धूरफवारणी यकृतापर्यंत पोहोचत नाही. २०३० पर्यंत मलेरिया संपवण्याचे देशाचे उद्दिष्ट या दडलेल्या परजीवीला वगळून गाठता येणार नाही. नवे औषध येईपर्यंत, डॉक्टरांनी दिले असेल तर, प्रायमाक्विनची चौदाव्या दिवसाची गोळीही चुकवू नये.