शिक्का नको, पुरावा दाखवा!

दुसऱ्याच्या संगणकात शिरून चोरी करतो तो हॅकर, असा समज वर्तमानपत्रांनी आणि पोलिसांनी रूढ केला आहे. मूळ अर्थ मात्र वेगळा होता. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६० च्या आसपास जो विद्यार्थी यंत्राचे अंतरंग समजून घेई आणि त्यातून काही नवे करून दाखवी, त्याला हॅकर म्हणत. तो मान होता. पुढे त्याचा शिक्का झाला.

शिक्का म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, परंतु आमच्या वर्धा जिल्ह्यातील पारधी बेड्यांची संशयाने पाठ सोडलेली नाही. कागदावरून शब्द पुसला तरी तो डोक्यातून जात नाही.

हॅकिंगचेही तेच झाले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ चा गुन्हाच 'हॅकिंग' या नावाचा होता. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि त्या कलमातून हा शब्द गेला. आता कृत्य कोणते, मालकाची परवानगी होती काय आणि हेतू अप्रामाणिक वा कपटाचा होता काय, हेच पाहावे लागते. 'हॅकर' असणे हा गुन्हा नाही.

तरीही हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांचे काय झाले? एप्रिल २०१० मध्ये त्यांनी अमेरिकेचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन व हॉलंडचे नामांकित हॅकर रॉप गोंग्रिप यांच्यासह मतदान यंत्रातील उणिवा प्रात्यक्षिकासह जाहीर केल्या. यंत्र हाती आल्यास मते कशी बदलता येतात, हे त्यांनी दाखवले. ते यंत्र मुंबईतून चोरल्याचा ठपका ठेवून ऑगस्ट २०१० मध्ये हरी प्रसाद यांना अटक झाली आणि आठवडाभराने जामीन मिळाला. उणीव कुणी ठेवली याऐवजी ती कुणी दाखवली, याचाच तपास झाला! पुढे ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच मतदानाला कागदी पुरावा अनिवार्य मानला. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे बाबासाहेबांचे सूत्र मानणाऱ्यांनी मत नोंदवणारे यंत्र तपासू नये काय?

याची दुसरी बाजूही पाहा. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत बाहेरून शिरून फाइली घातल्या गेल्या, असे आर्सेनल या अमेरिकन कंपनीचे २०२१ चे अहवाल सांगतात. या अहवालांची कसोटी न्यायालयातच लागली पाहिजे. परंतु तेव्हा 'हॅकर पकडा' अशी ओरड कुणी केल्याचे आम्हाला आठवत नाही. म्हणजे हा शब्दही माणूस पाहून वापरला जातो!

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावची आमची मुले आज संगणक शिकत आहेत. त्यांनी यंत्र उघडून पाहावे, प्रश्न विचारावेत. मात्र दुसऱ्याची यंत्रणा तपासण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. पोलिसांनी मोबाइल वा संगणक जप्त केला, तर पंचनाम्यातच त्याची हॅश व्हॅल्यू नोंदवण्याचा आग्रह धरावा. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्यातील माहितीचा जणू अंगठ्याचा ठसा. नंतर एक अक्षर जरी बदलले, तरी तो ठसा जुळत नाही.

कुणी हॅकर म्हटले म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. कृत्य सांगा, हेतू सांगा, पुरावा दाखवा, असे ठणकावून विचारा. नाव ठेवण्याचा अधिकार आम्ही कुणालाही दिलेला नाही.