स्पाला जायचंय? आधी टब पाहून या

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या सासूबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली. साठीशांत वगैरे काही नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तेव्हा ह्यांच्या मनात आलं, आईला एक दिवस 'डे स्पा'त पाठवू या. मालीश, वाफ, पेडिक्युअर, सगळं एकाच पॅकेजमध्ये. कल्पना छानच हो! पण सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह. तळपायांची संवेदना कमी झालेली. मागे एकदा चपलेत खडा असताना सगळा बाजार करून आल्या आणि घरी रक्त दिसलं तेव्हा कळलं! म्हणून पैसे भरण्याआधी, शाळा सुटल्यावर मी दोन ठिकाणं स्वतः पाहून आले.

पहिल्या ठिकाणी मंद दिवे, छोटं कारंजं, गवती चहाचा सुवास. (स्पा हे मुळात बेल्जियममधल्या गावाचं नाव, तिथल्या झऱ्यांमुळे प्रसिद्ध झालेलं. आपल्याकडे वज्रेश्वरीची कुंडं आहेतच की!) मी तिथल्या मुलीला विचारलं, "एकीचे पाय झाले की टब कसा धुता?" "पाणी बदलतो ना मॅडम," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

नुसतं पाणी बदलून भागत नाही, बरं का. पाणी फिरवणाऱ्या टबात आत जाळी असते, तिच्यामागे केस आणि कातडीचा मळ साठतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००० साली एका सलूनमधल्या अशाच टबांमुळे शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं झाली होती. महिनोन्‌महिने बरी होईनात. ज्यांनी आधी पायांवरून रेझर फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. तेव्हा पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी पायांचे केस काढू नका, आणि पायाला जखम असेल तर जाऊच नका.

दुसरी जागा साधी. जिन्याचा रंगसुद्धा उडालेला. पण तिथल्या बाईंनी आपणहून कपाट उघडून दाखवलं. साधी घमेली, यंत्र-बिंत्र काही नाही. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने घासायची, मग जंतुनाशकाचं पाणी दहा मिनिटं ठेवायचं. कात्र्या-चिमटे ऑटोक्लेव्हमधून काढलेले. म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचाच भाऊ. निळ्या दिव्याच्या पेटीत हत्यारं नुसती ठेवली म्हणजे निर्जंतुक झाली असं नाही हं! कानस आणि घासायचा दगड मात्र आपला घरून न्यावा, हे मी तुम्हांला आग्रहाने सांगेन. टॉवेल हातात घेऊन वास घ्या, लाजू नका. खोलीला आतून कडी आहे का, मालीश करायला बाईच असणार का, कर धरून एकूण किती, हेही तिथेच विचारून टाका. नाहीतर मालीश चालू असताना "हे पण करून घ्या ना" सुरू होतं आणि तेलकट अंगाने नाही म्हणणं जमत नाही.

त्या बाईंनी उलट मलाच विचारलं, "आजींना शुगर, बी.पी. आहे का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग वाफ नको. पायही पाण्यात भिजवत नाही, ब्लेड लावत नाही. डॉक्टरांना विचारून या, खांद्यांचं हलकं मालीश करू." म्हणजे पॅकेजमधले निम्मे पैसे त्यांनी आपणहून सोडले! ज्याच्या पायाला चटका कळत नाही, त्याचे पाय गरम पाण्यात घातले तर फोड येईपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. पहिल्या ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

डॉक्टरांनी मालिशाला हरकत घेतली नाही. सासूबाई जाऊन आल्या. पाय मीच घरी कोमट पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, टाचांना व्हॅसलीन चोळलं. बेचक्यांत ते लावायचं नाही. "तिथली मुलगी तुझ्यापेक्षा हळू हाताची होती," सासूबाई म्हणाल्या. दिवाळीनंतर पुन्हा जायचं म्हणताहेत.