एक चूल कीं दोन?

वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. मूर्ति एक, उपासक दोन पंथांचे. म्हणून १९०५ सालीं श्वेतांबर व दिगंबर मंडळींनीं समजुतीनें पूजेच्या वेळा वांटून घेतल्या. पुढें वाद वाढला, १९२९ सालीं प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १९८१ पासून मंदिरास कुलूप होतें, तें २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघालें. कोणाचें बरोबर हें ठरविणें आमचें काम नव्हे. गाभारा एक असला म्हणजे कुलूप सर्वांसच लागतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

ह्याची आठवण झाली ती घरच्या सर्व्हरमुळें. १६ गिगाबाइट मेमरीच्या एका संगणकावर कुटुंबाचीं छायाचित्रें, दुकानाचा हिशेब व मुलांचे प्रयोग ठेवण्याचें तरुण मंडळींनीं योजिलें. प्रत्येक कामास व्हर्चुअल मशीन द्यावें, कीं कंटेनर?

व्हर्चुअल मशीन म्हणजे निराळी चूल मांडलेलें बिऱ्हाड. त्याचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्रीची वांटणी करणारा गाभा, स्वतंत्र असतो. म्हणून लिनक्सच्या यंत्रावर विंडोजही नांदतें, आणि एकाची चूल विझली तरी शेजाऱ्याचा स्वयंपाक अडत नाहीं. मात्र खर्च मोठा: एकट्या विंडोज ११ लाच किमान ४ गिगाबाइट मेमरी लागते.

कंटेनर हें एका चुलीचें एकत्र कुटुंब. कर्नल सर्वांचा एकच. म्हणून तो क्षणांत सुरू होतो व थोडक्यांत भागवितो. २०१३ सालीं डॉकर निघाल्यावर त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. पण कर्नल कोसळला कीं सर्वच उपाशी. आणि कंटेनर चालविणाऱ्या रनसी ह्या साधनांतील दोषामुळें आंतल्या उपद्रव्यास थेट यजमानाच्या माजघरांत शिरतां येतें, हें २०१९ सालीं उघडकीस आलें. व्हर्चुअल मशीनची भिंतही अभेद्य नव्हे. पण ती जाड खरी.

आम्हीं ठरविलें तें असें: छायाचित्रें कंटेनरमध्यें; हिशेबाचा प्रोग्राम विंडोजचा, त्यास व्हर्चुअल मशीन; मुलांच्या प्रयोगांसही तेंच, कारण ते कोठून काय आणतील याचा नेम नाहीं. प्रॉक्समॉक्ससारख्या व्यवस्थेंत दोन्ही प्रकार शेजारीं नांदतात.

तथापि चुली कितीही मांडल्या तरी छप्पर एकच, हें विसरूं नये. डिस्क बिघडली तर सर्वच जाईल. म्हणून हिशेबाची व छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या घरीं अवश्य ठेवावी.