काळं कोण, हे कुणी ठरवायचं?

दक्षिण आफ्रिकेत १९५० साली लोकसंख्या नोंदणी कायदा झाला आणि प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दप्तरात चढला: गोरा, 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय, किंवा 'नेटिव्ह'. वंश निसर्गानेच आखून दिलेला असता, तर तो ठरवायला अधिकारी लागले नसते. प्रत्यक्षात माणूस दिसतो कसा आणि लोक त्याला काय समजतात, यावर निकाल लागे. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचत. ती गळून पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या रकान्यांत गेली. राहायचं कुठे, लग्न कुणाशी करायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, सगळं त्या रकान्यावर ठरे. याची पायाभरणी आधीच झाली होती. ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखाली, १९१३च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी देशातली जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली. गोऱ्यांना जमीन हवी होती, खाणींना स्वस्त मजूर हवे होते. वंशाच्या भिंती त्या गरजेपोटी उंचावत गेल्या.

मग वंश हे सत्तेचंच कुभांड असेल, तर काळेपणाची ओळख मिरवायची कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांनी दिलेलं उत्तर मला आजही पटतं. त्यांच्या चळवळीने आफ्रिकी, कलर्ड आणि भारतीय, अशा सगळ्या दडपलेल्यांना 'काळे' म्हटलं. कातडीचा रंग तिथे गौण होता. सॅथ्स कूपर, स्ट्रिनी मूडली हे भारतीय वंशाचे तरुण काळे म्हणूनच लढले आणि रॉबेन बेटावर कैदेत राहिले. बिको १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीने गेले.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जातींच्या नोंदीबाबतही ऐकू येतो: रकाना पुसा, भेद आपोआप मिटेल. नोंदणी कायदा १९९१ मध्ये रद्द झाला खरा, पण वर्णभेदाच्या काळात केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीतून हाकललेल्या ६० हजारांवर माणसांची घरं त्याने उभी राहिली नाहीत. वर्णभेद संपल्यावर काळ्यांसाठी आलेल्या सवलतींचा मलिदा मूठभरांनी खाल्ला ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी वाटप सुधारावं, नुकसानीचा हिशेबच फाडू नये. १९९८च्या रोजगार समता कायद्याने 'काळे' या शब्दात आफ्रिकी, कलर्ड आणि भारतीय तिघांनाही घेतलं. २००८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने तिथल्या चिनी वंशाच्या नागरिकांनाही त्यात धरलं, कारण वर्णभेदाची झळ त्यांनीही सोसली होती.