वरणभातावरचे तूप

गेल्या माघात येथे इंदुरात एका स्नेह्यांच्या घरी मुंजीच्या पंक्तीस बसण्याचा योग आला. पाने वाढून झाली, भाताच्या मुदीवर वरण आले आणि घरची सूनबाई तूप वाढीत पंक्तीतून फिरू लागली. आमच्या उजव्या हातास बसलेल्या साठीच्या गृहस्थांनी पानावर असा काही हात आडवा धरला की, जणू वाढणीतून विषच पडणार होते! डाव्या हातास त्यांचाच पुतण्या होता. त्याने मात्र दोनदा धार धरावयास लावली आणि वर, ‘काका, तूप वाईट हे जुने झाले. आता तूप हेच औषध!’ असे ऐकविले. सूनबाई क्षणभर घोटाळली. काका-पुतण्यांपैकी खरे कोणाचे, हा तिचा प्रश्न आज आपल्या पुष्कळ घरांतील प्रश्न आहे. म्हणून या महिन्यात त्याचाच विचार करू.

प्राणिज स्निग्ध पदार्थ म्हटले की, मराठी घरात प्रथम आठवते ते साजूक तूप. साय विरजावी, ताक घुसळावे, लोणी काढावे आणि ते मंद आचेवर कढवावे. कढविताना लोण्यातील पाणी उडून जाते, दुधाचा घन भाग बेरीच्या रूपाने तळाशी बसतो आणि उरतो तो जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. पाणी नाही म्हणूनच लोणी नासते, पण तूप महिनोन्महिने टिकते. आम्हां माळव्यातील मराठी मंडळींस तर तुपाचा दुहेरी वारसा आहे. घरी वरणभात आणि पुरणपोळी, तर शेजारी दाल-बाफले. तुपात न बुडविलेला बाफला यजमानास कमीपणा आणतो, अशी इकडची समजूत.

या वारशास पहिला धक्का बसला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये सात देशांतील पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास आरंभिला. आहारातील संपृक्त स्निग्धाम्ले, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध त्यातून पुढे आला. १९६१ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोगविषयक संस्थेने प्राणिज स्निग्ध पदार्थांच्या जागी काही प्रमाणात वनस्पतिजन्य तेले वापरण्याचा सल्ला दिला. तुपातील स्निग्धांशाचा सुमारे साठ टक्के भाग संपृक्त असतो. पौषाच्या थंडीत तूप थिजते आणि करडईचे तेल पातळच राहते, याचे कारणही हेच. तेव्हा हा सल्ला निराधार नव्हता, आणि आजही तो मोडीत निघालेला नाही.

घोटाळा झाला तो पुढेच. १९८४ च्या सुमारास आमच्या वडिलांस हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी तूप वर्ज्य करावयास सांगितले आणि आईने ते अक्षरशः पाळले. विरजणाचे भांडे पालथे पडले, रवी फडताळात गेली. परंतु नवऱ्याच्या पानात कोरडा वरणभात वाढणे तिच्या जिवावर येई. म्हणून तिने वनस्पती तुपाचा डबा आणविला. दिसावयास तुपासारखे, रवाळही तसेच, आणि नावातच ‘वनस्पती’. ‘झाडापाल्याचे ते, त्याने काय होणार?’ असे ती म्हणे. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. आम्हांसही ते पटे. वडील त्यानंतर सात वर्षे होते आणि ती सातही वर्षे त्यांच्या भातावर तेच पडत होते.

हे वनस्पती तूप म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. पातळ तेलातून निकेलसारख्या धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू सोडला की, ते घट्ट होते. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने या क्रियेचे एकस्व १९०२ मध्ये मिळविले. ही क्रिया अर्धवट थांबविली की, तेलातील काही स्निग्धाम्लांची ठेवण बदलून ‘ट्रान्स’ प्रकारची स्निग्धाम्ले तयार होतात. १९९० मध्ये नेदरलंड्समधील मेन्सिंक आणि कातान या संशोधकांनी दाखवून दिले की, ही ट्रान्स स्निग्धाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि त्याच वेळी हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात. म्हणजे तुपाच्या भीतीने जे पानात घेतले, ते तुपाहूनही वाईट! ‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण इतकी तंतोतंत खरी ठरलेली आम्ही अन्यत्र पाहिली नाही. आपल्या देशात तेले व वनस्पती यांतील ट्रान्स स्निग्धाम्लांवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, ती १ जानेवारी २०२२ पासून.

त्या सुमारास हे वृत्त आईने वर्तमानपत्रात वाचले. ऐंशीच्या घरातील आमची आई चष्मा काढून म्हणाली, ‘मग तुझ्या वडिलांच्या पानात इतकी वर्षे मी काय वाढीत होते रे?’ एका माणसाच्या मरणाचे कारण एका डब्यात शोधता येत नाही, वडिलांस विडीचेही व्यसन होते, आणि जे डॉक्टरांसही तेव्हा ठाऊक नव्हते त्याचा दोष तुझ्याकडे कसा, असे आम्ही तिला सांगितले. ते सारे खरेच आहे. तरी त्या दुपारी ती फारसे बोलली नाही.

म्हणूनच आता उलट दिशेने वाहणारा वारा पाहिला की, आम्हांस धास्ती वाटते. सकाळी उठून चहा-कॉफीत तूप घालावे, तूप कितीही खाल्ले तरी बाधत नाही, असे ठासून सांगणारे आज थोडे नाहीत. तुपात ‘अ’ जीवनसत्त्व असते, हे खरे. भाज्यांतील कॅरोटीन अंगी लागण्यास जेवणात थोडा स्निग्धांश लागतो, हेही खरे. गाजराच्या कोशिंबिरीवर किंवा लाल भोपळ्याच्या भाजीत आपल्या आज्या तुपाची फोडणी देत, ती व्यर्थ नव्हती. तान्ह्या मुलाच्या मऊ भातावर घातलेले थोडे तूप त्याच्या चिमुकल्या पोटास अधिक शक्ती देते. परंतु एवढ्यावरून तूप औषध ठरत नाही. प्राणिज म्हणून सारे सारखेच, असेही नाही. गोवेकर वाचकांच्या पानातील बांगडा आणि तारली यांची चरबी पातळ, बहुतांशी असंपृक्त आणि हृदयास हितकर असते. मटणाच्या चरबीचे तसे नाही.

मग प्रमाण कोणते? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त स्निग्धाम्लांचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा. दोन हजार उष्मांक घेणाऱ्यास हे सुमारे २२ ग्रॅम होतात. चहाचा एक लहान चमचा तूप म्हणजे ५ ग्रॅम. त्यात सुमारे ३ ग्रॅम संपृक्त स्निग्धाम्ले आणि ४५ उष्मांक. निरोगी माणसाने दिवसाला दोन चमचे खाल्ले तरी हिशेब बिघडत नाही. तो बिघडतो तो साईच्या दुधाने, पेढ्याबर्फीने आणि पामतेलात तळलेल्या फरसाणाने. पामतेलाचाही निम्मा भाग संपृक्तच असतो. शिवाय, तूप सोडून त्या जागी करडई, सोयाबीन, शेंगदाणा यांची तेले घेतली तर लाभ होतो. मैदा आणि साखर घेतली तर काहीच साधत नाही. ज्यांस हृदयविकार आहे किंवा ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, आमच्या या लेखावरून नव्हे.

आणखी एक गोष्ट. शेतात राबणाऱ्या किंवा तालमीत घाम गाळणाऱ्या पूर्वजांचे दाखले देऊन खुर्चीवर बसणाऱ्याने त्यांच्या मापाने तूप ओढू नये. त्यांचा आहार घ्यावयाचा, तर त्यांचे श्रमही घेतले पाहिजेत.

आमच्या घरी रवी पुन्हा फडताळातून निघाली आहे. आई स्वतः लोणी कढविते आणि नातवंडांच्या पानात स्वतःच वाढते. वाढणीने धार धरणे मात्र तिने सोडले. ‘चमच्याने वाढले की कळते तरी, किती वाढले ते,’ असे ती म्हणते. पंक्तीतील त्या काकांस आणि पुतण्यासही आम्ही याहून वेगळे काही सांगणार नाही.